जुन्या बंदुका, नव्या टोप्या

गेल्या अंकात जुन्या बंदुका-पिस्तुलं जमवण्याच्या छंदावर लिहिलं होतं. थोडक्यात म्हणणं एवढंच होतं की आधी वाचा, मग हाताळून बघा आणि विकत घ्यायचं सगळ्यात शेवटी. पत्रं आली ती बघता बऱ्याच जणांनी थेट शेवटापासून सुरुवात केलीय, तीही मोबाईलवर, रात्री उशिरा. म्हणून यावेळी सगळे प्रश्न ऑनलाइन खरेदीचेच घेतलेत. काही पत्रं इतकी लांब होती की ती कापावी लागली, राग मानू नका.

प्रश्न : एका वेबसाईटवर मॉझर सी९६ पिस्तूल दिसलं, फोटो एकदम झकास, किंमत मात्र इतर ठिकाणच्या एक तृतीयांश. विक्रेता म्हणतो आज रात्रीपर्यंत बँक ट्रान्सफर करा, दुसरा गिऱ्हाईक थांबलाय. साईटवर पत्ता आहे, रिव्ह्यू आहेत, सगळं व्यवस्थित वाटतंय. घेऊ का?

नका घेऊ. आता का ते सांगतो, कारण नुसतं नका म्हटलं तर तुम्ही दुसऱ्या साईटवर जाऊन हेच कराल.

पहिली गोष्ट, तो दुसरा गिऱ्हाईक नसतोच. ज्याच्याकडे खरं सी९६ आहे त्याला ते एक तृतीयांश किमतीत विकायची गरज काय, लिलावात टाकलं तर चार जण भांडतील त्याच्यासाठी. किंमत कमी, घाई जास्त आणि पैसे परत मिळणार नाहीत अशा रस्त्याने मागितलेले, या तीन गोष्टी एकत्र आल्या की पुढचं काही तपासायची खरं तर गरज नसते. बँक ट्रान्सफर, क्रिप्टो, गिफ्ट कार्ड, किंवा पेमेंट ॲपमध्ये "मित्राला पाठवतोय" असं दाखवून पाठवायला सांगणं, सगळ्यात हेतू एकच, पैसे गेले की तुम्हाला मागे ओढता येऊ नयेत. कुणी म्हणेल एस्क्रो वापरू, म्हणजे पैसे मधल्या कंपनीकडे राहतील, पण ती कंपनी विक्रेत्यानेच सुचवली असेल आणि लिंकही त्यानेच पाठवली असेल तर ती एस्क्रो साईटसुद्धा त्याचीच असते.

तरी मन मानत नसेल तर फोटो घ्या आणि रिव्हर्स इमेज सर्चमध्ये टाका. असे झकास फोटो बहुतेक वेळा एखाद्या लिलाव कंपनीच्या जुन्या कॅटलॉगमधून उचललेले असतात, कधी उलटे केलेले, कधी कडा कापलेले, म्हणून एक फोटो टाकून थांबू नका, चार टाका, आरशासारखा फिरवूनही टाका. वर्णनातलं एखादं लांब वाक्य जसंच्या तसं सर्च करा, तेही कुठून तरी चोरलेलं निघतं. मग डोमेन, म्हणजे साईटचं इंटरनेटवरचं नाव, कधी रजिस्टर झालंय ते बघा, ही माहिती फुकट मिळते, "तीन पिढ्यांचा व्यवसाय" म्हणणाऱ्या साईटचं डोमेन दोन महिन्यांपूर्वीचं निघालं की हसून टॅब बंद करायचा. पत्ता नकाशावर टाका, कधी तिथे रिकामा प्लॉट असतो तर कधी खरंच एक परवानाधारक दुकान असतं, पण त्या बिचाऱ्याला आपल्या नावाने कुणी वेबसाईट चालवतंय याचा पत्ताच नसतो. म्हणून फोन करायचा तो साईटवरच्या नंबरवर नाही, स्वतः दुसरीकडून शोधलेल्या नंबरवर.

सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे विक्रेत्याला सांगा, एका कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख हाताने लिहून तो कागद पिस्तुलाशेजारी ठेवा, सिरीयल नंबर दिसेल असा फोटो काढून पाठवा. खरा माणूस थोडं कुरकुरेल पण पाठवेल. खोटा माणूस सुरक्षेचं कारण सांगेल, कॅमेरा बिघडलाय म्हणेल, वस्तू लॉकरमध्ये आहे म्हणेल, किंवा एकदम दुखावल्यासारखं करून "विश्वास नसेल तर राहू दे" म्हणेल. राहू दे. मात्र हल्ली फोटोत कागद नंतर चिकटवणं काही अवघड राहिलेलं नाही, म्हणून मोठा व्यवहार असेल तर व्हिडिओ कॉलवर वस्तू फिरवून दाखवायला सांगा आणि मध्येच "आता खालची बाजू", "आता दस्त्याची आतली बाजू" असं आपण सांगायचं, त्याने ठरवल्याप्रमाणे दाखवलेलं बघत बसायचं नाही.

आणि हो, पैसे भरल्यावरही हे थांबत नाही. दोन दिवसांनी कुरियरवाल्याचा मेल येतो, इन्शुरन्सची रक्कम भरा, ती परत मिळेल. मग कस्टमची अडचण. मग स्पेशल क्रेट. प्रत्येक वेळी आधीचे पैसे वाचवण्यासाठी माणूस पुढचे भरतो.

जाता जाता सी९६ चंच. दस्त्यावर लाल ९ कोरलेलं असेल तर त्यावर भाळू नका. जर्मन सैन्याने १९१६ मध्ये ९ मिमी काडतुसाची दीड लाख पिस्तुलं मागवली होती, मूळ ७.६३ मिमीच्या पिस्तुलांशी गफलत होऊ नये म्हणून दस्त्यावर तो ९ कोरून लाल रंग भरायचे. पण दस्ता म्हणजे दोन लाकडाच्या पट्ट्या आणि एक स्क्रू, त्या बदलायला किती वेळ लागतो? नळीचं माप आणि सिरीयल नंबर त्या काळाशी जुळतो का ते बघायचं, लाकडावरचा आकडा सगळ्यात शेवटी.

प्रश्न : लूगर पी०८, लिस्टिंगमध्ये लिहिलंय "१९३८, ऑल मॅचिंग, शंभर टक्के ओरिजिनल", म्हणजे सगळे भाग एकाच नंबरचे. वरच्या टॉगलवर (झाडताना वर दुमडणारा सांधा) बीवायएफ असा कोड आहे, चाप आणि सेफ्टीचा खटका पिवळसर सोनेरी रंगाचा आहे, फार सुंदर दिसतंय. फोटो सोबत पाठवतोय.

फोटो बघितले आणि मजा आली, कारण विक्रेत्याने स्वतःच सगळं कबूल केलंय, फक्त त्याला ते माहीत नसावं.

लूगरवर सैन्याच्या ऑर्डरचं पिस्तूल असेल तर चेंबरवर, म्हणजे काडतूस बसतं त्या भागावर, साल असतं आणि टॉगलवर कारखान्याचा कोड. मॉझर कारखान्यात बनलेल्या लूगरवरचा कोड आधी एस/४२ होता, मग नुसता ४२ झाला आणि बीवायएफ हा लूगरवर आला १९४१ मध्ये. त्या बीवायएफवाल्या पिस्तुलांच्या चेंबरवर साल चार आकडी नसतं, नुसतं ४१ किंवा ४२ असतं. तुमच्या फोटोत चेंबरवर पूर्ण १९३८ आहे आणि टॉगल बीवायएफ. म्हणजे किमान दोन पिस्तुलांचं मिळून एक झालंय. युद्धाच्या काळात किंवा नंतर दुरुस्तीत असं होतं, तो काही गुन्हा नाही, पण मग "ऑल मॅचिंग" म्हणू नका ना.

आता तो सोनेरी रंग. छोटे भाग तापवून तो वाळलेल्या गवतासारखा पिवळा रंग आणायचे, मॉझरने ही पद्धत १९३७ मध्ये सोडली आणि ते भागही बाकीच्यासारखे काळे-निळे करायला लागले. १९३८ च्या पिस्तुलावर पिवळा चाप दिसला तर कुणीतरी नंतर हौसेने केलाय किंवा जुन्या पिस्तुलाचा लावलाय, बहुतेक पहिलं, कारण तो रंग जरा जास्तच एकसारखा आहे. पिवळे भाग असले की गिऱ्हाईक खूश होतो हे विकणाऱ्यांना कळलंय, साल कुठलं त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

मॅचिंगबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण लूगरमध्ये सगळा पैसा त्याचाच आहे. फ्रेमवर पूर्ण नंबर असतो आणि छोट्या छोट्या भागांवर त्याचे शेवटचे दोन आकडे, इतके भाग की मोजताना कंटाळा येतो. लिस्टिंगमध्ये फ्रेम, नळी आणि साईडप्लेटचा फोटो असतो, बाकीच्यांचा नसतो. मागा. प्रत्येक नंबर असलेल्या भागाचा फोटो मागा, मॅगझिनच्या (काडतुसं भरायच्या डब्याच्या) तळासकट, कारण मॅचिंग मॅगझिन मिळणं त्याहून कठीण. आणि नंबर जुळतात एवढ्यावर थांबू नका, जुना नंबर घासून नवा ठोकायचा धंदा जोरात चालतो. मूळ ठोकलेल्या आकड्यांचा साचा सगळीकडे एका घराण्यातला दिसतो, ४ ची शेपूट, ७ चा वाक सारखा. बदललेल्या भागावर आकड्याभोवती धातू किंचित खोलगट झालेला असतो, कारण घासलंय, आणि आजूबाजूचा रंग वेगळा चमकतो. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत हे दिसत नाही, उजेड एका बाजूने तिरका पडला की दिसतं. म्हणून "खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता" असं स्पष्ट लिहून फोटो मागायचे.

काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याचं बीवायएफ दिसलं तर त्याला "ब्लॅक विडो" म्हणून जादा पैसे मागतात. हे नाव जर्मन सैन्याने दिलेलं नाही, युद्धानंतर विकणाऱ्यांनी दिलंय. पिस्तूल चांगलं असू शकतं, नावाचे पैसे देऊ नका.

तुमचं पिस्तूल जमवलेलं, पॉलिश केलेलं म्हणून त्या किमतीत घ्यायला हरकत नाही. ओरिजिनल म्हणून नाही.

प्रश्न : "व्हेरी गुड कंडिशन" वाचून अँटिक रायफल घेतली, हातात आली तेव्हा तिच्यावर मूळ फिनिशचा (कारखान्यात चढवलेल्या रंगाचा) मागमूस नाही, नुसती करडी-तपकिरी. विक्रेता म्हणतो मी खोटं बोललो नाही. ही फसवणूक नाही का?

दुर्दैवाने तो बरोबर असू शकतो. अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनची जी ग्रेडिंग पद्धत जगभर वापरतात, तिच्यात दोन वेगवेगळे तक्ते आहेत, एक मॉडर्न आणि एक अँटिक. अँटिकच्या तक्त्यात "एक्सलंट" म्हणजे मूळ फिनिश ८० टक्क्यांच्या वर, "फाइन" म्हणजे ३० च्या वर आणि "व्हेरी गुड" म्हणजे शून्य ते ३०. शून्य! म्हणजे मूळ फिनिश अजिबात नसलेली बंदूकही नियमाने व्हेरी गुड असू शकते. आपण आपलं रोजच्या भाषेतलं व्हेरी गुड समजून पैसे भरतो. काही विक्रेते तर दोन्ही तक्त्यांतले सोयीचे शब्द उचलतात आणि कुठला तक्ता ते सांगत नाहीत, तर विचारायचं, कुठला तक्ता आणि मूळ फिनिश अंदाजे किती टक्के, आणि उत्तर लेखी घ्यायचं, फोनवर नाही.

लिस्टिंगची भाषा हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. "आर्सेनल रिफर्ब" म्हणजे सैन्याच्याच कारखान्यात पुन्हा तयार केलेली, ते प्रामाणिक लिहिणं आहे. "रिस्टोअर्ड" म्हणजे कुणी केलं आणि कधी ते विचारा. "प्रोफेशनली रिफिनिश्ड" म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीने किंमत कमी झालेली, कितीही चकचकीत असो. "बोअर वयाच्या मानाने चांगला" म्हणजे नळीत आतून गंजाचे खड्डे आहेत. "मला यातलं फारसं कळत नाही, आजोबांच्या माळ्यावर सापडली" हे वाक्य मला सगळ्यात जास्त सावध करतं, कारण ज्याला कळत नाही त्याला नेमके कुठले फोटो टाळायचे हे बरोबर कळलेलं असतं. जुनी गाडी विकणारा डेंटची बाजू भिंतीकडे करून गाडी लावतो, तसंच आहे हे.

रिफिनिश ओळखायची तर स्क्रूची भोकं बघा, पॉलिशच्या चाकाने त्यांच्या कडा बशीसारख्या आत वळतात. कोपरे गोल झालेले, अक्षरं अर्धवट पुसट आणि तरी वरचा रंग मात्र नवाकोरा, गंजाच्या खड्ड्यांच्या आतसुद्धा रंग. लाकूड आणि धातू जिथे भेटतात तिथे लाकूड धातूपेक्षा खाली बसलेलं दिसलं तर दस्ता घासलेला आहे. आणि घासलेल्या दस्त्यावर सैन्याचा शिक्का मात्र ठसठशीत, धारदार असेल तर तो शिक्का घासल्यानंतर मारलाय, एवढं गणित सरळ आहे.

परत करायची मुदत होती का लिस्टिंगमध्ये? चांगले विक्रेते हातात आल्यावर तपासायला तीन दिवस देतात, गोळी न झाडता परत करायची अट असते. "ॲज इज", म्हणजे आहे त्या स्थितीत, असं लिहिलेलं असेल तर फार काही करता येणार नाही, तरी मेल करून बघा.

प्रश्न : कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्वरसोबत कंपनीचं पत्र मिळतंय. पत्र असेल तर अजून काही बघायची गरज आहे का?

आहे. पत्र म्हणजे कारखान्याच्या जुन्या नोंदवहीतला उतारा. अमुक नंबरचं रिव्हॉल्वर अमुक तारखेला अमुक ठिकाणी पाठवलं, कॅलिबर काय, नळी किती इंच, फिनिश कोणतं. कोल्ट अशी पत्रं देते, स्मिथ अँड वेसनची मिळतात, जुन्या विंचेस्टरच्या काही मॉडेल्सच्या नोंदी अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी गावच्या म्युझियममध्ये आहेत. पण पत्र सांगतं त्या नंबरचं काय कारखान्यातून निघालं, तुमच्या समोरचं तेच आहे का हे नाही सांगत. पत्रात साडेसात इंच नळी आणि हातातलीची साडेचार, म्हणजे मधल्या काळात कुणीतरी कापलीय किंवा बदललीय. पत्रात ब्लू फिनिश आणि समोर निकेल, तर ते निकेल नंतरचं. विक्रेता पत्राचा फोटो लहान करून टाकतो तो यासाठीच, मोठा करून वाचा. शंका असेल तर पत्र देणाऱ्या संस्थेलाच विचारा की असं पत्र तुम्ही दिलंय का.

"सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी" नावाचा सोनेरी बॉर्डरवाला कागद वेगळा. तो विक्रेत्याच्या प्रिंटरमधून येतो.

सिंगल ॲक्शनमध्ये अमेरिकन सैन्याची पिस्तुलं सगळ्यात महाग, त्यातही सुरुवातीच्या वर्षांतली, ज्यांच्यावर सैन्यासाठी माल तपासणाऱ्या एन्सवर्थ या इन्स्पेक्टरचा ए शिक्का असतो ती. म्हणून साध्या सिव्हिलियन पिस्तुलावर यूएस आणि ए ठोकायचा उद्योग फार जुना आहे, काही खोट्या शिक्क्यांनाच आता जुनेपणाची कळा आलीय. इथे मॅचिंगचा नियमही उलटा पडू शकतो. "आर्टिलरी" म्हणतात ती साडेपाच इंच नळीची पिस्तुलं म्हणजे जुनी घोडदळाची पिस्तुलं परत मागवून, नळ्या कापून, भाग अदलाबदल करून पुन्हा जोडलेली, त्यातल्या बहुतेकांचे नंबर एकमेकांशी न जुळणं हेच साहजिक आहे. कुणी "आर्टिलरी, ऑल मॅचिंग" म्हणून दुप्पट मागत असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुर्मिळ गोष्टींचं एक सोपं आहे, किती बनल्या ते शोधा. १८४७ चं कोल्ट वॉकर फक्त ११०० बनलं, १००० सैन्याला आणि १०० बाहेर. अमेरिकन सैन्याचं एम१९११ए१ पिस्तूल सिंगरनेही बनवलं, हो, शिलाई मशीनवाली सिंगर, पण फक्त ५००, नंबर एस८००००१ ते एस८००५००. त्यातलं एक पिस्तूल निवांत एखाद्या क्लासिफाइडमध्ये तीन फोटोंसह पडून राहील? नंबर या पट्ट्यात नसेल तर विषय संपला, आणि असेल तर विषय सुरू होतो, कारण नंबरही ठोकता येतो.

आणि इटालियन कॉपी. उबेर्टी वगैरे कंपन्या जुन्या कोल्टच्या उत्तम प्रतिकृती बनवतात, उघडपणे, त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होतं जेव्हा कुणी नाव घासून, ॲसिडने गंज चढवून तिला दीडशे वर्षांची करतो. इटालियन प्रूफचे (नळीची चाचणी झाल्याचे) शिक्के आणि छोट्या चौकटीतला सालाचा कोड शोधा, १९७५ पासून तो एए, एबी, एसी असा अक्षरांत आहे, त्याआधी रोमन आकडे. आणि तिथे चौकटीच्या जागी घासलेला खळगा असेल तर तोसुद्धा एक शिक्काच समजा.

प्रश्न : मार्टिनी-हेन्री रायफल, वर मुकुट, त्याखाली व्ही.आर., एनफिल्ड (इंग्रज सरकारी कारखाना) आणि १९०७ असे शिक्के. विक्रेता म्हणतो अफगाण सरहद्दीवर लढलेली आहे. इतिहास आवडतो म्हणून घ्यावीशी वाटते.

व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी, ती जानेवारी १९०१ मध्ये वारली. १९०७ ला गादीवर एडवर्ड सातवा होता. मेलेल्या राणीच्या नावाने सरकारी कारखाना सहा वर्षांनी रायफलवर शिक्का मारत नसतो.

ही बहुधा खैबर खिंडीच्या भागातली आहे. दर्रा आदम खेल आणि आसपासच्या गावांत पिढ्यान्पिढ्या कारागीर इंग्रजी बंदुकांच्या नकला हाताने करत आले, साधी कानस आणि लहान भट्टी घेऊन, आणि काम बघून थक्क व्हायला होतं. पण शिक्के बघून बघून कोरलेले, इंग्रजी न वाचता, म्हणून एनफिल्डमधला एन उलटा, स्पेलिंगमध्ये अक्षर गायब, मुकुट कोबीच्या गड्ड्यासारखा, आणि सालं मनाला येतील ती. तिथे असलेले सैनिक या आठवण म्हणून घेऊन गेले, त्यातल्या बऱ्याच आता लिस्टिंगमध्ये "ब्रिटिश" म्हणून फिरतात. खरं सांगायचं तर खैबर कॉपी म्हणून, त्या किमतीला, मला ती आवडेल. सरहद्दीवर लढलेली असूही शकते, कुठल्या बाजूने हे विक्रेत्याने सांगितलं नाही एवढंच. फक्त झाडायची नाही, कधीच नाही, पोलाद कुठून आणलं आणि कसं तापवलं कुणाला माहीत, चेंबर फुटला की इतिहासाची आवड चेहऱ्यावर येते.

याच पत्रलेखकाने खाली विचारलंय, चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या) पिस्तुलावर ईस्ट इंडिया कंपनीची खूण असेल तर? कंपनीची आधीची खूण हृदयाच्या आकाराची होती, साधारण १८०८ पासून मागच्या पायांवर उभा सिंह आला. एकाच पिस्तुलावर दोन्ही, शिवाय टॉवर असं नाव आणि १८६० च्या दशकातलं साल असेल तर ती भिंतीवर टांगायला बनवलेली शोभेची वस्तू आहे, कारण तोपर्यंत इंग्रज सैन्यातून चकमक जाऊन टोपीच्या (स्फोटक टोपीने उडणाऱ्या) बंदुका येऊन जमाना झाला होता. आणि पिस्तूल खरं निघालं तर हातात आल्यावर आधी नळीत लाकडी काठी घालून खोली मोजा आणि बाहेरच्या मापाशी ताडून बघा. ठासणीची कितीतरी हत्यारं आत बार तसाच ठेवून माळ्यावर गेलेली असतात. काठी अडली तर हात लावू नका, जाणकाराकडून रिकामी करून घ्या.

प्रश्न : विक्रेता म्हणतो मॉडेल १८९४ आहे, म्हणजे अँटिक, लायसन्स लागत नाही, थेट घरी पाठवतो. हे खरं का?

मॉडेलचं साल आणि बनल्याचं साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंचेस्टर १८९४ ही रायफल न्यू हेवनच्या कारखान्यात २००६ पर्यंत बनत होती. अमेरिकेच्या कायद्यात अँटिक म्हणजे १८९८ किंवा त्याआधी बनलेली, तिथे नंबरावरून बनल्याचं साल काढतात. इंग्लंडमध्ये जुन्या, आता न मिळणाऱ्या काडतुसांची वेगळी यादी आहे, ती बघावी लागते. इतर देशांत आणखी वेगळं. एका देशातला "अँटिक" दुसऱ्या देशात सरळ सरळ बेकायदा हत्यार असू शकतो, आणि पार्सल पकडलं गेलं तर नाव तुमचं असतं, विक्रेत्याचं नाही. "लायसन्स लागत नाही" हे विक्रेत्याकडून ऐकायचंच नाही, जिथून लायसन्स मिळतं त्या ऑफिसला लेखी विचारायचं. जो विक्रेता स्वतःहून तुमची कागदपत्रं मागतो तो बरा. जो म्हणतो कागदपत्रं नकोत, तो एक तर चोर आहे किंवा वस्तू चोरीची आहे, आणि फसवलं गेल्यावर तुम्ही तक्रारही करू शकणार नाही हे त्याने धरलेलंच असतं.

प्रश्न : लिलावात हरलो. दुसऱ्या दिवशी मेल आला, जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुमच्या बोलीला देतो, पैसे या खात्यात टाका.

मेलमधल्या लिंकवर जाऊ नका. लिलावाच्या साईटवर आपण स्वतः लॉगिन करून बघा, खरी ऑफर असेल तर तिथे दिसेल. दिसत नसेल तर कुणीतरी हरलेल्यांना शोधून मेल टाकतंय.

प्रश्न : पैसे गेले. फोटो खोटे होते, वस्तू आलीच नाही. आता?

आज, आत्ता बँकेला फोन करा, ट्रान्सफर थांबवता येतं का विचारा, कार्डने भरले असतील तर डिस्प्यूट टाका, इथे तासांचा हिशेब असतो. मग सायबर पोलिसांकडे तक्रार. चिडून चॅट डिलीट करू नका, लिस्टिंगचा पूर्ण स्क्रीनशॉट पत्त्यासकट, मेल, खाते नंबर, पावती, सगळं ठेवा, लिस्टिंग उद्या गायब झालेली असेल. ज्याचे फोटो चोरले त्या लिलाव कंपनीलाही कळवा, त्यांच्याकडे अशा तक्रारींची फाइल असते.

थोड्या दिवसांनी कुणीतरी मेसेज करेल की तुमचे बुडालेले पैसे आम्ही काढून देतो, थोडी फी भरा. तोही बहुतेक त्याच टोळीतला असतो, यादी त्यांच्याकडेच असते ना.

आणि ज्यांना वस्तू आली पण भलतीच आली त्यांच्यासाठी : खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, वजनाचं लेबल दिसू द्या, आणि परत पाठवायची वेळ आली तर स्वतः कुरियरला देऊन येऊ नका. हत्यार पाठवायला जो परवानाधारक मार्ग तुमच्या देशात ठरलेला आहे त्यातूनच पाठवा, नाहीतर फसवणुकीची तक्रार बाजूला राहून केस तुमच्यावरच व्हायची.